आपोआप परत येणारी गाडी

मी रिक्षातून उतरले तेव्हा लीलाधरमामा डोक्याला दस्ती गुंडाळून भर उन्हात अंगणात उभे होते, आणि त्यांच्या पायांशी एक आगगाडी उलटी चालली होती.

भुसावळचा मे महिना. रस्त्यावर कुत्रंदेखील नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं आणि फाटकाची कडी हातात धरवत नव्हती. मामांना माझी चाहूल लागली, पण त्यांनी मान वळवली नाही.

‘आलीस का? थांब जरा. एवढी फेरी होऊ दे.’

गाडी त्यांनी स्वतः बनवलेली. इंजिन साधारण मांजराएवढं, पत्र्याचं, पुढे लहानसा दिवा. मागे लाकडी डबे. रूळ पितळी पट्ट्यांचे, त्याखाली सागाच्या फळकुटांचे स्लीपर. घराच्या कडेनं एक चिंचोळी पट्टी होती. मागच्या कडुनिंबापासून पुढच्या फाटकापर्यंत रूळ सरळ गेलेले. गोल फिरवायला जागाच नव्हती. म्हणून गाडी एका टोकाला गेली की मामा ती थांबवायचे, गळ्यात अडकवलेल्या कंट्रोलच्या डब्याचं बटण फिरवायचे, मग ती उलटी निघायची. दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. या दोन टोकांच्या मधोमध घराची खिडकी होती, आणि खिडकीच्या आत मामी झोपून होती.

गाडी फाटकाशी आली, थांबली. मामांनी दस्तीनं तोंड पुसलं. आयुष्यभर मेल गाड्या चालवलेला माणूस. उन्हाचं त्यांना काही नवल नव्हतं. पण त्यांची मान आणि हात भाजून तांबड्या विटेसारखे झाले होते.

‘मामा, आत चला ना. चक्कर येईल.’

‘तुझ्या मामीला बघायला आवडतं,’ ते म्हणाले. ‘तू हो पुढे. मी आलोच.’

ते आले नाहीत. मी हातपाय धुऊन, पाणी पिऊन मामीच्या खोलीत गेले तेव्हा खिडकीबाहेर गाडी पुन्हा कडुनिंबाकडे निघाली होती.

मामीला मी होळीनंतर पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, मी तयार होऊन आले आहे. नव्हते. हात तर आधीच गेले होते तिचे. आता मानही उशीच्या आधाराशिवाय ठरत नव्हती. रत्नाबाई, तिची सगळी उठाबस करणारी बाई, तिला चमच्यानं ताक पाजत होती आणि दर घोटाला तिच्या गळ्याकडे बघत होती. कूलरचा आवाज खोलीभर घुमत होता.

‘ज्यो,’ मामी म्हणाली.

माझं नाव ज्योत्स्ना. लहानपणी, आई गेल्यावर मी याच घरात राहिले, इथूनच पॉलिटेक्निक केलं. तेव्हा मामी स्वयंपाकघरातून माझं पूर्ण नाव घ्यायची आणि ते गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची ती. शेवटच्या बाकावरच्या पोरीला वही उघडायला लावणारा आवाज होता तिचा. आता लांब शब्द तिला जड झाले होते. ‘ज्यो’ एवढंच उरलं होतं.

‘आणलं?’ तिनं विचारलं.

‘आणलंय.’

मी पिशवीतून वायरी जोडलेला कंट्रोलचा डबा काढून तिला दाखवला. पंधरवड्यापूर्वी तिनंच रत्नाबाईकडून मला फोन लावून घेतला होता. फोनवर तिचं बोलणं कळायला वेळ लागला. गाडी टोकाला गेली की आपोआप थांबावी आणि आपोआप परत यावी असं काहीतरी असतं, परदेशात लोक बागेतल्या गाड्यांना बसवतात, हे मामांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. ‘ते तू कर,’ ती म्हणाली होती. ‘लवकर.’ नाशिकला मी कारखान्यांचे कंट्रोल पॅनेल जोडायचं काम करत होते. माझ्या दृष्टीनं हे फार अवघड नव्हतं. एक टायमर, एक रिले, दोन डायोड. मला वाटलं, मामांना ऊन लागतं म्हणून तिला काळजी.

‘कुठं बसवू? बाहेर पेटी करून लावू का?’

‘नाही,’ मामी म्हणाली. मग थांबली, श्वास घेतला. ‘आत. माझ्याजवळ. खिडकीत.’

‘बाहेर सोपं पडेल गं. वायर कमी लागेल.’

‘आत,’ ती म्हणाली.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मी कामाला लागले. मामा हाताशी होते. त्यांना समजावून सांगायची फार गरज पडली नाही. अख्खी हयात इंजिनात गेलेली. टोकाजवळ एका बाजूचा रूळ करवतीनं कापायचा. त्या कापलेल्या फटीवर डायोड जोडायचा. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेनं जाऊ देणारा दाण्याएवढा भाग. गाडी फाटकाकडे येताना त्या तुकड्यावर चढली की तिची वीज तुटते, ती थांबते. थोड्या वेळानं खिडकीतला डबा रुळातल्या विजेची दिशा उलटी करतो. उलटी वीज त्या डायोडमधून जाऊ शकते, म्हणून गाडी आल्या वाटेनं मागे निघते. कडुनिंबाच्या टोकालाही तसंच.

‘म्हणजे ड्रायव्हर नकोच,’ मामा म्हणाले.

‘नकोच. तुम्ही आत बसा आरामात.’

ते रूळ कापत होते. करवत जरा थांबली, मग पुन्हा चालू झाली.

‘कथलाचा डाग नीट दे,’ थोड्या वेळानं ते म्हणाले. ‘ऊन फार खातात हे सांधे. पितळ फुगतं. तुटेल एखाद वेळी.’

‘मी वायरीला ढील ठेवतेय. नाही तुटणार.’

‘तुटतं गं. उन्हाचं काही सांगता येत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा चालू केला. गाडी खिडकीसमोरून गेली, फाटकाशी जाऊन थांबली. आम्ही सगळे बघत होतो. खिडकीतल्या डब्यात विजेची दिशा पालटणारा रिले टक् करून वाजला आणि गाडी कुणाचाही हात न लागता परत फिरली. कडुनिंबाशी थांबली, पुन्हा टक्, पुन्हा निघाली. शेजारचे भंगाळे भिंतीवरून डोकावत होते. ‘वा झोपेसाहेब, बायकोसाठी एवढं कोण करतं हो!’ ते म्हणाले. अख्ख्या कॉलनीत हेच बोललं जायचं. लीलाधर झोपेंनी बायकोला दिसावी म्हणून अंगणात रेल्वे आणली, असं लोक पाहुण्यांना सांगायचे.

मी आत गेले. मामी गाडीकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

‘बोलाव,’ ती म्हणाली.

मी दारातून हाक मारली. मामा चप्पल काढून उंबऱ्यापर्यंत आले.

‘बघितलीस?’ त्यांनी तिला विचारलं. ‘झकास चालते की नाही?’

‘अहो,’ मामी म्हणाली. ‘बसा.’

‘बसतो ना. इंजिनाला जरा तेल घालून येतो. चाकं कुरकुरतायत.’

‘बसा हो.’

‘आलोच,’ म्हणून ते गेले. चाकं कुरकुरत नव्हती. माझ्या ते लक्षात आलं, पण मी त्यातून काही अर्थ काढला नाही. माणूस कामाशिवाय बसू शकत नाही, एवढंच वाटलं.

जेवायच्या आधी गाडी कडुनिंबाशी गेली आणि तिथंच राहिली. डबा टक् वाजला, गाडी हलली नाही. पुन्हा वाजला, तरी नाही. मामा लगबगीनं गेले, हातानं ढकलून गाडी फटीच्या अलीकडे आणली. ‘बघ, म्हटलं नव्हतं मी?’ ते म्हणाले, आणि जुना डबा गळ्यात अडकवून पुन्हा उन्हात उभे राहिले.

डायोडची तार तुटली होती. मी दुसरा लावला. दुपार नीट गेली. चहाच्या वेळेला गाडी पुन्हा त्याच जागी अडकली. पुन्हा तार तुटलेली.

‘खारी आहेत फार,’ मामा म्हणाले. ‘वायरी कुरतडतात.’

मी पत्र्याचं झाकण करून त्यावर ठोकलं. मामीला येऊन सांगितलं, ‘खारींचा उपद्रव आहे गं. केलाय बंदोबस्त. उद्या बघ, थांबायची नाही.’

मामी माझ्याकडे बघत राहिली. रत्नाबाईनं तिच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली.

‘खार नाही,’ मामी म्हणाली.

‘मग?’

नजर वळवून तिनं खिडकीबाहेर पाहिलं. तिथं मामा उभे होते, पाठ खिडकीकडे करून.

दुसऱ्या दिवशी गाडी तिसऱ्यांदा अडकली. या वेळी मी झाकण काढलं तेव्हा घाई केली नाही. तुटलेली तार भिंगाखाली धरून पाहिली. ऊन लागून तुटलेली तार खडबडीत असते, मधेच बारीक होत जाते. खार कुरतडते तेव्हा दाताच्या रेघा पडतात. ही दोन्ही बाजूंनी चेपलेली, स्वच्छ, तिरकी तुटली होती. पकडीनं कापल्यावर तुटते तशी. आणि झाकणाचे स्क्रू पुन्हा व्यवस्थित पिळलेले होते.

मामा कडुनिंबाच्या बुंध्याशी बसले होते. सावलीत बसलेले मी त्यांना आल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं. पकड त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. त्यांनी ती लपवलीही नव्हती.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तुटका डायोड तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरला.

‘मामा, हे काय?’

त्यांनी तो पाहिला. आधी वाटलं उडवून लावतील. लावलं नाही.

‘तुला कळणारच होतं,’ ते म्हणाले. ‘तुझं कामच ते.’

‘मग का? तुम्हाला नको होतं तर सांगायचं. मी आलेच नसते.’

‘मला नको होतं असं नाही. तिला हवंय.’

‘म्हणून कापताय?’

मामा उठायला लागले. मी त्यांचा हात धरला.

‘ती मला आत बसवणार,’ ते म्हणाले. ‘त्यासाठीच हे सगळं चाललंय. तुला काय वाटलं, गाडीसाठी? गाडी बघून बघून कंटाळलीय ती. पहिल्या महिन्यातच कंटाळली. मला कळत नाही होय?’

‘मग बसा की आत. काय बिघडलं?’

‘बसलो की ती बोलणार.’

फाटकापलीकडे एक मालगाडी यार्डात शिरत होती, तिचा धडधडाट त्यांनी जाऊ दिला. मग त्यांनी सांगितलं.

दिवाळीनंतर ते दोघं नाशिकला मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते, एवढं मला माहीत होतं. माझ्याकडेच उतरले होते. डॉक्टरांनी आत काय सांगितलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. हात-पाय जातील, मग वाचा जाईल, मग गिळणं. शेवटी श्वास. तेव्हा गळ्याला भोक पाडून मशीन लावावं लागेल. मशीनवर पेशंट कितीही दिवस राहू शकतो, कळत सगळं असतं, हलत काही नाही. ‘मशीन लावायचं की नाही ते आधीच ठरवून ठेवा,’ डॉक्टर म्हणाले होते.

‘परतताना गाडीत ती म्हणाली, अहो, मला ते,’ मामा म्हणाले. ‘एवढंच म्हणाली आणि मी विचारलं, पाणी पितेस का? तेव्हापासून मी तिला ते वाक्य पुरं करू दिलेलं नाही. तिनं सुरुवात केली की मला काहीतरी आठवतं. औषध आणायचं. नळ बंद करायचा. गाडीला तेल. नोकरीत असताना घरी यायला तडफडायचो मी, आणि आता घरात आहे तर...’

‘पण तुम्हाला ठाऊक आहे ना ती काय म्हणणार?’

‘ठाऊक असणं वेगळं. तिनं तोंडानं म्हटलं की मला हो म्हणावं लागेल. आजपर्यंत तिनं काही मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं झालेलं नाही. मागितलंच नाही फारसं तिनं. आता एकच मागणार आहे, आणि ते हे.’

‘आणि तिनं म्हटलंच नाही तर?’

‘तर डॉक्टर सांगतील तसं करता येईल,’ ते म्हणाले. ‘मशीन तर मशीन. असेल तरी घरात. समोर दिसेल.’

त्यांच्यावर रागवायलाच मी तिथे बसले होते, पण राग टिकला नाही. त्यांच्या मानेवरची कातडी सुटून पापुद्रे निघाले होते.

‘मामा,’ मी म्हटलं, ‘मला ती ज्यो म्हणते. माझं नाव तिला येत नाही आता.’

ते जमिनीकडे बघत होते.

‘होळीला येत होतं. पुढच्या महिन्यात ज्योही येईल की नाही, माहीत नाही. तुम्ही वाट कसली बघताय ते मला कळतंय. तिलाही कळतंय.’

‘तिला कळतं?’

‘काल खारींचं सांगितलं तर म्हणाली, खार नाही. डबा आत लाव म्हणाली तेही उगाच नाही. बाहेर असता तर तुम्ही तो बिघडवला असता.’

हे ऐकून मामांच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं आणि तिथंच मोडलं. त्यांनी दस्ती तोंडावर धरली. खांदे हलत होते. मी दुसरीकडे बघत बसले. सावली सरकून आमच्या पायांवर ऊन आलं, तरी कुणी हललं नाही.

मग ते उठले. माझ्या पिशवीतून त्यांनी नवा डायोड काढला आणि डोळ्यांजवळ धरला.

‘ही पांढरी रेघ कुठल्या बाजूला?’

‘कडुनिंबाकडे.’

त्यांनी स्वतः डाग दिला. वायर मी धरली. डाग चांगला बसला, चकचकीत. त्यांनी झाकण लावलं, स्क्रू पिळले. खिशातली पकड काढून माझ्या हातात दिली. नळावर जाऊन तोंड धुतलं, मान धुतली, ओल्या हातांनी केस मागे बसवले, आणि आत गेले.

रत्नाबाई लगेच बाहेर आली. ‘मला बाहेर जा म्हणाले,’ ती घाबरून म्हणाली. ‘काही झालं का ताई?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘बस इथं.’

खिडकीच्या काचेतून मला ते दोघं दिसत होते. कूलर बंद केलेला दिसला. त्याचा आवाज थांबला होता. मामा आधी स्टुलावर बसले, तेही खिडकीकडे तोंड करून. मग स्टूल फिरवलं. मामीचे ओठ हलायला लागले. हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे. एकदा मामांचं एक बोट उठलं, नळाकडे की दाराकडे कुणास ठाऊक, आणि पुन्हा खाली आलं. ते पुढे वाकले. कान तिच्या तोंडाशी नेला. बराच वेळ तसेच होते. गाडी खिडकीसमोरून गेली, परत आली, पुन्हा गेली. दोघांपैकी एकानंही तिच्याकडे पाहिलं नाही.

मग मामांनी मान हलवली. एकदाच. ते पुरेसं वाटलं नसावं, कारण मामीचे ओठ पुन्हा हलले. त्यांनी काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही, पण शब्द लहान होता. ते बोलून झाल्यावर त्यांनी कपाळ तिच्या निर्जीव हातावर टेकवलं.

मामीनं डोळे मिटले. तिचा चेहरा सैल झाला. दिवसभर पोरींना शिकवून आल्यावर ती आरामखुर्चीत बसायची, तेव्हा तसा व्हायचा.

मी दुसऱ्या दिवशी निघाले. मामांनी मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी रिक्षात बसत असताना ते म्हणाले, ‘बोलली ती.’ एवढंच.

आषाढात तिची वाचा गेली. रत्नाबाई फोनवर सांगायची, साहेब आता खोलीतून हलत नाहीत. दिवसभर बोलत असतात. कुठल्या गाडीवर कोण फायरमन होता, कुठल्या घाटात धुकं कसं लागायचं, कुठल्या स्टेशनवर चहा चांगला मिळायचा. एवढं बोलणारा माणूस आहे हे मला माहीतच नव्हतं ताई, ती म्हणायची. गाडी त्यांनी पुसून माळ्यावर ठेवून दिली होती.

भाद्रपदात मामीला श्वास लागायला लागला. मी रजा टाकून गेले. मामा-मामींचा एकुलता एक मुलगा पराग कॅनडात होता. तो दिवसातून अनेकदा फोन करायचा. हॉस्पिटलमध्ये न्या, मी सगळी व्यवस्था केलीय, अँब्युलन्स दारात उभी राहील, म्हणायचा. मामा प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘नाही रे.’ शेवटी तो ओरडायला लागला. फोन न धरताही मला ऐकू येत होतं. ‘तुम्ही मारताय तिला,’ तो म्हणाला. मामांनी फोन ठेवला आणि मामीच्या ओठांवरून ओला बोळा फिरवला. आमचे जवळचे डॉक्टर येऊन तिला त्रास होऊ नये म्हणून औषध देऊन जात. कॉलनीतले लोक येऊन जात. त्यांच्या तोंडी आता दुसरंच होतं. बाईवर उपचार करत नाहीत म्हणे, नुसते बसलेत. गाड्यांशी खेळत बसले वर्षभर.

मामी घरातच गेली. दिवस मावळत होता. मामा तिच्याजवळ होते, हात तिच्या डोक्यावर होता. शेवटपर्यंत काढला नाही.

पराग तिसऱ्या दिवशी पोचला. आईचं तोंड त्याला बघायला मिळालं नव्हतं. भंगाळ्यांकडून पिठलं-भाकरी आली होती. आम्ही पानं मांडली, पण पराग उभाच होता, बूटसुद्धा न काढता.

‘बाबा, तिनं खरंच सांगितलं होतं?’ त्यानं विचारलं. ‘का तुम्हीच ठरवलंत? कुणी ऐकलं?’

मामा पानासमोर बसले होते. त्यांची नजर पानावरच होती.

तो माझ्याकडे वळला. ‘तू होतीस ना इथं मे महिन्यात? ऐकलंस तू?’

‘ऐकलं नाही,’ मी म्हटलं. ‘मी बाहेर होते. पण पाहिलं.’

‘काय पाहिलंस?’

मी त्याला सांगितलं. कूलर बंद केला होता ते, स्टूल फिरवलं ते, आणि मामीचे ओठ कितीदा थांबून पुन्हा हलले ते. त्याआधी कितीतरी महिने मामा तिच्यापासून कसे पळत होते, तेही सांगितलं. तारा कुणी कापल्या, तेसुद्धा. मामांनी मला अडवलं नाही. पराग ऐकता ऐकता भिंतीला टेकला.

‘मग तुम्ही हो का म्हणालात?’ त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा आला. ‘बाबा, का म्हणालात हो?’

मामांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

‘मला म्हणायचं होतं असं वाटतं तुला?’ ते म्हणाले.

पराग भिंतीपासून सरळ झाला. मग खाली वाकून त्यानं बूट सोडले, हात धुऊन आला आणि वडिलांच्या शेजारच्या पाटावर बसला. रत्नाबाईनं दोघांना वाढलं. भाकरी गार झाली, पिठल्यावर साय धरली. त्या दिवशी दोघांपैकी कुणीच घास घेतला नाही. पण पानावरून कुणी उठलंही नाही.